बंप स्टॉक: काल कायदेशीर, आज गुन्हा, पुन्हा कायदेशीर

मार्च २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातले बंदूक-दुकानदार मायकेल कारगिल यांनी आपल्याकडचे दोन बंप स्टॉक, म्हणजे रायफलीतून भरभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचे दस्ते, सरकारी कार्यालयात नेऊन जमा केले. जमा करताना निषेध नोंदवला आणि लागलीच सरकारवर दावा ठोकला. कारगिल पूर्वी अमेरिकी लष्करात होते. ते दोन स्टॉक त्यांनी आदल्याच वर्षी पैसे मोजून, उघडपणे विकत घेतले होते. तेव्हा ती खरेदी पूर्ण कायदेशीर होती. २६ मार्च २०१९ पासून मात्र तीच वस्तू घरात ठेवणं म्हणजे बेकायदा मशिनगन बाळगणं, आणि त्याला १० वर्षांपर्यंत तुरुंगवास. या दोन तारखांच्या मध्ये अमेरिकी संसदेने एकही नवा कायदा केलेला नव्हता. जुन्या कायद्यातला एक शब्दही हललेला नव्हता. बदलला होता तो फक्त एका खात्याने लावलेला अर्थ.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. बंप स्टॉक ही वस्तू सामान्य माणसाच्या हाती असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही या भांडणात बंदूकमालकांची जी मुख्य तक्रार होती, ती मला शेवटपर्यंत खोडून काढता आलेली नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. कॉलेजात एनसीसीला असताना ज्यांनी थ्री-नॉट-थ्री चालवली असेल, त्यांच्या खांद्याला गोळी सुटतानाचा धक्का अजून आठवत असेल. प्रत्येक रायफल गोळी सोडताना मागे सरकते. बंप स्टॉक या मागे सरकण्याचाच उपयोग करून घेतो. रायफलीचा खांद्याला टेकणारा दस्ता काढायचा आणि त्या जागी प्लास्टिकचा हा दस्ता बसवायचा. नव्या दस्त्यात रायफल इंचभर मागेपुढे घसरू शकते. चापाजवळ बोट टेकवायला एक छोटा कठडा असतो. बोट तिथे स्थिर ठेवायचं आणि डाव्या हाताने रायफल पुढे रेटत राहायचं. रायफल पुढे आली की चाप बोटावर आपटतो, गोळी सुटते, धक्क्याने रायफल मागे जाते, चाप मोकळा होतो, हाताच्या रेट्याने रायफल पुन्हा पुढे येते, पुन्हा चाप बोटावर. बोट जागचं हलत नाही, बंदूक हलते. याने मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्यांचा वेग गाठता येतो. आत स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, मोटर नाही. दिसायला अगदी साधा ठोकळा.

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये या साध्या ठोकळ्याने काय होऊ शकतं ते जगाने पाहिलं. मँडले बे हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका माणसाने खालच्या संगीत महोत्सवावर गोळीबार केला. मैदानात सुमारे २२,००० माणसं होती. दहा-अकरा मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या सुटल्या. त्या घटनेत ५८ जण दगावले, आणखी दोघं पुढे जखमांमुळे गेली, म्हणजे एकूण ६०. गोळ्या लागलेल्या जखमींची संख्या चारशेच्या वर होती. हॉटेलच्या खोलीत सापडलेल्या रायफलींपैकी डझनभर रायफलींना बंप स्टॉक लावलेले होते. त्या रात्रीच्या ध्वनिफिती ज्यांनी ऐकल्या, त्यांना तो सलग तडतडाट मशिनगनचाच वाटला. यापुढचं सगळं वाचताना हे ६० जण नजरेआड होता कामा नयेत, म्हणून हे आधी लिहिलं.

आता कायदा. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने मशिनगनची व्याख्या केली आहे. चापाच्या एकाच क्रियेने, हाताने पुन्हा न भरता, आपोआप एकाहून जास्त गोळ्या सोडणारं शस्त्र म्हणजे मशिनगन. १९६८ मध्ये त्यात, साध्या शस्त्राला मशिनगन बनवणारे सुटे भागही आले. १९८६ च्या दुरुस्तीने, त्या वर्षाच्या १९ मेनंतर तयार झालेली मशिनगन सामान्य नागरिकाने बाळगायची नाही, असं ठरलं. म्हणजे एखादा जोडभाग या व्याख्येत बसला की तो थेट बंदच. परवाना काढून, फी भरून ठेवण्याची सोयही नाही.

व्याख्येतले दोन तुकडे ध्यानात ठेवायचे: ‘चापाची एकच क्रिया’ आणि ‘आपोआप’. सात वर्षांचं भांडण या दोन तुकड्यांवर चाललं.

टेक्सासमधल्या मोरान या छोट्या गावातली स्लाइड फायर ही कंपनी बंप स्टॉक बनवायची. विक्री सुरू करण्याआधी तिने रीतसर एटीएफकडे नमुना पाठवला. एटीएफ म्हणजे मद्य, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं यांवर नियंत्रण ठेवणारं केंद्रीय खातं. ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे त्यांना गोळीबार करता यावा यासाठी ही वस्तू आहे, असं कंपनीने कळवलं होतं. जून २०१० मध्ये खात्याचं उत्तर आलं: या दस्त्यात आपोआप चालणारा कोणताही यांत्रिक भाग किंवा स्प्रिंग नाही, हा बंदुकीचा एक सुटा भाग आहे, आणि शस्त्र म्हणून त्यावर नियंत्रण नाही. हे पत्र कंपनीने आपल्या संकेतस्थळावर ठेवलं. पुढची सात-आठ वर्षं लोकांनी त्या पत्राच्या भरवशावर खरेदी केली. पुढे खात्याने स्वतःच काढलेला अंदाज असा की, २ लाख ८० हजार ते ५ लाख २० हजार बंप स्टॉक लोकांकडे असावेत.

बंदूकमालकांची चिंता समजून घ्यायची तर हे पत्र डोळ्यांपुढे हवं. एखाद्या माणसाने नगरपालिकेकडून लेखी परवानगी घेऊन बांधकाम केलं, आणि आठ वर्षांनी त्याच नगरपालिकेने सांगितलं की नियम तेच आहेत, पण आम्ही तेव्हा ते चुकीचे वाचले होते, आता तुम्ही पाडा, खर्च तुमचा, नाही पाडलंत तर तुरुंग. असा माणूस कुठल्या चिडीने बोलेल, याची आपल्याला कल्पना करता येते.

शिवाय हा फटका त्यांना पहिल्यांदाच बसत नव्हता. अ‍ॅकिन्स अ‍ॅक्सिलरेटर नावाचं असंच एक उपकरण त्याआधी बाजारात आलं होतं. त्यालाही एटीएफने आधी हिरवा कंदील दाखवला आणि २००६ मध्ये मत फिरवून त्याला मशिनगन ठरवलं. त्यात स्प्रिंग होती, एवढा फरक होता. मालकांना ती स्प्रिंग काढून खात्याकडे द्यायला लावली. शोधकर्ता कोर्टात गेला आणि हरला. बंदुकीच्या दुकानांतल्या गप्पांत ही गोष्ट जिवंत होती. ‘खात्याचं पत्र म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे’ हे त्या वर्तुळाला पक्कं माहीत होतं.

लास व्हेगासनंतर तीनच दिवसांत सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी सिनेटमध्ये विधेयक मांडलं. त्यानंतर आठवड्याभरात प्रतिनिधीगृहात फ्लॉरिडाचे रिपब्लिकन कार्लोस कर्बेलो आणि मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सेथ मोल्टन यांनी दोन्ही पक्षांच्या वतीने दुसरं विधेयक आणलं. मोल्टन स्वतः मरीन दलात होते. त्या वेळी असं वाटत होतं की हे पार पडेल. राष्ट्रीय रायफल संघटनेने, म्हणजे एनआरएनेसुद्धा, ५ ऑक्टोबरला पत्रक काढून सांगितलं की सेमी-ऑटोमॅटिक (चाप एकदा ओढला की एकच गोळी सोडणाऱ्या) रायफलीला ऑटोमॅटिकसारखी चालवू देणाऱ्या उपकरणांवर जादा नियमन हवं. मात्र नवा कायदा न मागता तिने एटीएफने फेरविचार करावा असं म्हटलं. पुढे जे बिघडलं त्याचं बीज मला त्या पत्रकात दिसतं.

दोन्ही विधेयकांची भाषा पाहिली की मालकांची दुसरी, आणि जास्त गंभीर, चिंता कळते. बंप स्टॉक असं नाव घेऊन थांबण्याऐवजी, सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा गोळीबाराचा वेग वाढवणारा कोणताही भाग, असा रोख दोन्हीकडे होता. फाइनस्टाइन यांच्या विधेयकात असा भाग, जो त्यासाठी बनवलेला असेल ‘किंवा’ तसं काम करत असेल. कर्बेलो-मोल्टन विधेयकात बनवलेला असेल ‘आणि’ तसं काम करत असेल. एका अव्ययाचा फरक, पण बंदूकमालकांनी तो लगेच हेरला.

त्यांचा प्रश्न तांत्रिक होता आणि चोख होता. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला ठरलेला असा वेगच नसतो. एकदा चाप ओढला की एक गोळी. वेग किती, ते बोटावर अवलंबून. मग ‘वेग वाढवला’ हे कशाच्या तुलनेत ठरवायचं? नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारे लोक हलका चाप बसवतात, म्हणजे बोटाला कमी जोर लागतो आणि पुढची गोळी लवकर सुटते. नळीच्या तोंडाला ब्रेक लावतात, त्याने धक्का कमी होतो, नेम चटकन परत बसतो. झिजलेली स्प्रिंग बदलून नवी घातली, तेल घातलं, तरी रायफल सुरळीत आणि थोडी भरभर चालते. ‘किंवा तसं काम करत असेल’ या शब्दांत हे सगळं ओढता येतं. कोणी ओढेलच असं नाही. पण ओढायचं की नाही हे ठरवणार ते खातं, ज्याने २००६ मध्ये मत फिरवलं होतं. बरं, ढील दिलेल्या रायफलीने बंप फायरिंग तर पँटच्या बेल्टच्या पट्टीत अंगठा अडकवूनही करता येतं, हा सरावलेल्या नेमबाजांना ठाऊक असलेला जुना प्रकार. मग पट्टीचं काय करायचं, असं ते विचारत.

या युक्तिवादाची चेष्टा खूप झाली. मला ती चेष्टा बरोबर वाटत नाही. फौजदारी कायद्यात शब्द ढिला असला की त्याचा त्रास सगळ्यात आधी नियम पाळणाऱ्यालाच होतो, कारण घरात काय ठेवावं नि काय नको याची चिंता तोच करतो. त्याचबरोबर हेही म्हटलं पाहिजे की गन ओनर्स ऑफ अमेरिकासारख्या संघटनांनी नेमकी भाषा सुचवून ती विधेयकं सुधारायचा मार्ग धरला नाही. त्यांनी विरोधच केला. शब्द ढिले आहेत ही तक्रार खरी, पण शब्द घट्ट करायला त्यांनीही हात लावला नाही.

दोन्ही विधेयकं पुढे सरकली नाहीत. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लॉरिडात पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला. तिथे बंप स्टॉक वापरला गेला नव्हता, तरी दबाव वाढला. सहाच दिवसांनी अध्यक्ष ट्रम्प यांनी न्याय खात्याला आदेश दिला की नियम करून ही उपकरणं बंद करा. संसदेच्या सदस्यांची सुटका झाली. मतदारसंघातल्या बंदूकमालकांना तोंड द्यायला नको, लास व्हेगासच्या कुटुंबांनाही नको. फाइनस्टाइन तेव्हा सतत सांगत राहिल्या की खात्याला हा अधिकारच नाही, हे कोर्टात अडकेल, कायदाच करावा लागेल. बंदीच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणारी बाई आणि बंदीला विरोध करणारे बंदूकमालक, दोघंही अधिकाराच्या मुद्द्यावर एकच गोष्ट सांगत होते. कोणी ऐकलं नाही.

नियमाचा मसुदा निघाल्यावर सुमारे १ लाख ८६ हजार लेखी हरकती-सूचना आल्या. त्यांतल्या सुमारे १ लाख १९ हजार बंदीच्या बाजूने होत्या आणि ६६ हजार विरोधात. २६ डिसेंबर २०१८ ला अंतिम नियम प्रसिद्ध झाला. ९० दिवसांची मुदत. तेवढ्यात स्टॉक चिरडा, वितळवा, तुकडे करा नाहीतर एटीएफच्या कार्यालयात नेऊन द्या. नियमात धरलेली एका स्टॉकची सरासरी किंमत ३०१ डॉलर होती. भरपाई शून्य.

भरपाई का नाही, याचं सरकारी उत्तर असं: ही वस्तू १९८६ पासूनच बेकायदा होती, आम्ही फक्त ते आता स्पष्ट करत आहोत. जी वस्तू बाळगायचा हक्कच नव्हता तिची भरपाई कसली? काही मालक या मुद्द्यावर कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये अपिलातही हरले. कायद्याच्या तर्काने हे उत्तर बसतं. पण २०१० चं पत्र हातात असलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटलं असेल? तुम्ही आठ वर्षं गुन्हेगार होता, फक्त आम्ही तुम्हाला तसं सांगितलं नव्हतं, असाच त्याचा अर्थ होतो. स्लाइड फायरने त्याआधीच, मे २०१८ मध्ये, ऑर्डरी घेणं बंद केलं होतं. फोर्ट वर्थच्या आरडब्ल्यू आर्म्स या विक्रेत्याने शिल्लक राहिलेले ६०,००० स्टॉक मुदतीच्या दिवशी नष्ट करायला दिले.

भारतीय वाचकाला इथे एक प्रश्न पडेल, तो मलाही पडला. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवान्याची गोष्ट आहे. मग या लोकांची एवढी तक्रार कशाला? पण आपल्याकडेही २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहतील असं ठरलं. मूळ विधेयकात तर एकच होतं. विरोध झाल्यावर सरकारने स्वतः दुरुस्ती आणून दोन केली. ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांना ते जमा करायला वर्षभराची मुदत मिळाली. नाराजी होतीच, पिढीजात बंदूक घरातून जाणं अनेकांना लागलं. पण निर्णय संसदेत झाला, उघड झाला, आकडा स्पष्ट होता, आणि आधी तीन ठेवणारा माणूस मागच्या तारखेने गुन्हेगार ठरला नाही. माझ्या लेखी बंप स्टॉकच्या प्रकरणात नेमकं हेच राहून गेलं.

कारगिल यांचा खटला खालच्या कोर्टात पडला. अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढेही पडला. मग त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने जानेवारी २०२३ मध्ये निकाल फिरवला. दरम्यान दुसऱ्या एका विभागाच्या अपील न्यायालयात न्यायाधीशांची मतं ८ विरुद्ध ८ अशी समसमान पडली होती. इतके विद्वान लोक एकच वाक्य वाचून दोन टोकांना जात असतील, तर ऑस्टिनमधल्या सामान्य गिऱ्हाइकाने त्या वाक्यावरून काय समजायचं होतं?

२८ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. कायद्याच्या व्याख्येइतकीच न्यायमूर्तींना माणसांची चिंता होती. एका बाजूने ज्याला हा नियम माहीतच नाही अशा लाखो मालकांचं काय, हा प्रश्न आला. दुसऱ्या बाजूने, १९३४ च्या संसदेला ज्या विनाशाची भीती होती तोच विनाश ही वस्तू करते ना, हा.

१४ जून २०२४ ला सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द झाला. न्या. क्लॅरन्स थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या आतल्या यंत्रणेची चित्रं छापलेली आहेत. गोळी उडवणारा हॅमर कुठे अडकतो, त्याला धरून ठेवणारा सीअर कधी सुटतो, पुन्हा कसा धरतो, पायरी पायरीने. त्यांचं म्हणणं असं की बोट हललं काय किंवा बंदूक हलली काय, प्रत्येक गोळीमागे चाप एकदा दाबला जातो आणि एकदा सुटतो. म्हणजे एक क्रिया, एक गोळी. शिवाय डाव्या हाताचा रेटा सतत लागतो, म्हणून ‘आपोआप’ही नाही. न्या. सोनिया सोतोमायोर यांनी विरोधी निकाल दिला. जो पक्षी बदकासारखा चालतो, पोहतो आणि ओरडतो त्याला मी बदकच म्हणणार, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मते ‘चापाची क्रिया’ पाहायची ती माणसाच्या बाजूने, माणूस एकदा सुरुवात करतो आणि गोळ्या सुटत राहतात.

मी दोन्ही निकालपत्रं वाचली. शब्दांच्या पातळीवर थॉमस यांचं पारडं मला थोडं जड वाटतं, आणि मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर सोतोमायोर यांचं. न्या. सॅम्युएल अलिटो यांनी बहुमताबरोबर राहून छोटी वेगळी टिपणी जोडली. लास व्हेगासनंतर कायदा बदलायला हवा होता हे त्यांनी मान्य केलं आणि म्हटलं की संसद तो बदलू शकते.

चार दिवसांत ते करून पाहिलं गेलं. १८ जूनला न्यू मेक्सिकोचे सिनेटर मार्टिन हाइनरिक यांनी बंप स्टॉकबंदीचं विधेयक सिनेटमध्ये एकमताने मंजूर व्हावं अशी मागणी केली. हाइनरिक स्वतः शिकारी आहेत, बंदूक बाळगतात. नेब्रास्काचे पीट रिकेट्स उठले आणि त्यांनी हरकत घेतली. कारण तेच, २०१७ चं: हे विधेयक बंप स्टॉकपुरतं नाही, जितके जोडभाग बंद करता येतील तितके करण्यासाठी आहे. एका हरकतीने विषय संपला.

पुढे मे २०२५ मध्ये सरकारने फोर्स्ड रिसेट ट्रिगर या दुसऱ्या वेगवान चापाबाबतचे खटले तडजोडीने मिटवले आणि जप्त केलेले चाप परत करायचं मान्य केलं. कारगिल निकालाचा आधार तिथे उपयोगी पडला होता. म्हणजे २०१७ मध्ये घट्ट शब्दांचा एक छोटा कायदा झाला असता तर फक्त बंप स्टॉक बंद झाले असते. तो न झाल्याने आता बंप स्टॉकही मोकळे आणि त्याहून पुढची उपकरणंही. लास व्हेगासच्या कुटुंबांना जे मिळालं ते पाच वर्षांत काढून घेतलं गेलं, आणि ज्या मालकांनी नियम पाळून आपला स्टॉक करवतीने कापला त्यांना तीनशे डॉलर कोणी परत दिले नाहीत. ज्यांनी तो माळ्यावर लपवून ठेवला, त्यांचा मात्र शाबूत राहिला.

घट्ट शब्द लिहिता येत नाहीत असं नाही. ज्या राज्यात ते ६० जण गेले त्या नेवाडाच्या विधानसभेने २०१९ मध्येच स्वतःचा कायदा केला. तिथली भाषा फक्त ‘वेग वाढवणारा भाग’ एवढ्यावर थांबत नाही. चापाच्या प्रत्येक क्रियेसाठी वेगळी हालचाल करायची गरजच जो भाग काढून टाकतो, अशी अट त्यात आहे. हलका चाप त्यात येत नाही, कारण तिथे दर गोळीला बोट हलवावंच लागतं. नळीचा ब्रेक येत नाही, नवी स्प्रिंगही येत नाही. बंप स्टॉक मात्र सरळ येतो. आज टेक्सासमध्ये विकत घेतलेला बंप स्टॉक डिकीत टाकून कोणी पश्चिमेकडे निघाला, तर केंद्राच्या कायद्याने त्याला कोणी अडवणार नाही. नेवाडाची हद्द ओलांडली की तो गुन्हेगार, आणि या वेळी तो गुन्हा विधानसभेने लिहिलेला आहे.